महाधमनीतील रक्तप्रवाह आणि वार्धक्य : प्रतिमांकनातून नाडीपरीक्षेकडे

काही वर्षांपूर्वी ७४ वर्षांचे एक निवृत्त शिक्षक माझ्या चिकित्सालयात आले होते. तक्रार किरकोळ होती. मलावष्टंभ आणि झोप कमी, एवढेच. नाडी पाहिली. ती बोटांना भरलेली, जोरकस आणि नियमित लागली. ‘‘गुरुजी, नाडी अगदी तरुणासारखी आहे,’’ असे मी म्हणालो आणि तेही प्रसन्न होऊन गेले. दोन महिन्यांनी त्यांचा मुलगा त्यांना हात धरून घेऊन आला. मधल्या काळात त्यांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. रुग्णालयाच्या कागदांवर दाखल होतानाचा रक्तदाब १९४/६८ असा नोंदलेला होता. माझ्या पहिल्या नोंदीत रक्तदाबाचा रकाना रिकामा होता. रक्तदाबमापक मात्र त्या दिवशीही माझ्या टेबलावरच होता.

ज्या नाडीला मी तारुण्याचे लक्षण समजलो, ते वस्तुतः वार्धक्याचेच लक्षण होते. हे असे का घडते, याचे उत्तर मनगटात नसून हृदयापासून निघणाऱ्या महाधमनीत आहे. गेल्या सुमारे तीस वर्षांत चुंबकीय अनुनाद प्रतिमांकनाच्या, म्हणजे एमआरआयच्या, एका विशेष पद्धतीमुळे जिवंत मनुष्याच्या महाधमनीत रक्त कसे वाहते आणि वयानुसार त्या वाहण्यात कोणते बदल होतात, हे प्रत्यक्ष पाहता येऊ लागले आहे. त्या ज्ञानाचा परिचय करून देणे आणि नाडीपरीक्षा करणाऱ्या वैद्याला त्यातून काय घेता येईल याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

महाधमनी : केवळ नलिका नव्हे

हृदयाच्या डाव्या निलयातून निघणारी महाधमनी प्रथम वर चढते, नंतर कमानीसारखी वळून मागे जाते आणि पाठीच्या कण्यालगत खाली उतरते. आरोही भाग, कमान आणि अवरोही भाग असे तिचे तीन विभाग मानतात. हृदयाच्या प्रत्येक आकुंचनाबरोबर सुमारे ७० मिलिलिटर रक्त तिच्यात फेकले जाते. हे फेकणे सलग नसते. हृदय एकदा ढकलते आणि मग थांबते. असे असूनही केशवाहिन्यांपर्यंत पोहोचलेला प्रवाह जवळजवळ अखंड असतो. खंडित धक्क्याचे अखंड प्रवाहात रूपांतर करण्याचे काम महाधमनीची लवचीक भिंत करते.

शेतकऱ्याच्या पाठीवरील फवारणीचा पंप आठवावा. दांडी खालीवर होते तेव्हा पाणी धक्क्याधक्क्याने आत लोटले जाते. परंतु पंपातील कोंडलेली हवा दाबली जाऊन तो धक्का साठवते आणि नळीतून फवारा मात्र सलग निघत राहतो. महाधमनीचेही असेच आहे. आकुंचनाच्या वेळी तिची भिंत ताणली जाते व आलेल्या रक्ताचा सुमारे निम्मा भाग तात्पुरता तिच्यातच सामावतो. हृदय विसावते तेव्हा भिंत पूर्वपदावर येते आणि साठवलेले रक्त पुढे लोटते. इंग्लंडमधील स्टीफन हेल्स यांनी १७३३ साली ही तुलना त्या काळच्या आग विझविण्याच्या पंपातील हवेच्या कोठीशी केली होती. पुढे १८९९ मध्ये जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑटो फ्रँक यांनी तिला गणिती रूप दिले.

यातील एक बाब चिकित्सकाने विशेष ध्यानात ठेवावी. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या धमन्या प्रामुख्याने हृदयाच्या विसाव्याच्या काळातच भरतात. त्या वेळी दाब टिकवून धरण्याचे काम महाधमनीकडे असते. म्हणून महाधमनीची लवचीकता कमी झाली, की तिचे परिणाम सर्व शरीरावर होतात, तसेच स्वतः हृदयाच्या पोषणावरही होतात.

प्रवाह पाहण्याची धडपड

रक्त महाधमनीतून सरळ रेषेत वाहत नाही, ही कल्पना नवी नाही. लिओनार्दो दा विंची याने इ. स. १५१३ च्या सुमारास बैलाच्या हृदयाचा अभ्यास केला. महाधमनीच्या मुखाशी असलेल्या झडपेमागच्या खोलगट जागांत रक्ताचे भोवरे होत असले पाहिजेत आणि ते भोवरे झडप मिटण्यास साहाय्य करीत असले पाहिजेत, असे त्याने मांडले. काचेच्या प्रतिकृतीत पाणी व गवताचे बी सोडून असे भोवरे पाहण्याची रीतही त्याने लिहून ठेवली. विल्यम हार्वे यांचा रक्ताभिसरणावरील ग्रंथ १६२८ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे लिओनार्दोचे हे विचार त्याच्याही एक शतकाहून अधिक काळ आधीचे होत. तथापि जिवंत मनुष्याच्या छातीत हे भोवरे पाहण्यासाठी विसावे शतक संपत यावे लागले.

एमआरआय यंत्रातील प्रबळ चुंबकीय क्षेत्रात शरीरातील हायड्रोजनची अणुकेंद्रे एका ठराविक लयीत फिरतात. त्या क्षेत्रात काही क्षण स्थानानुसार चढउतार निर्माण केला आणि लगेच तेवढाच उलट चढउतार निर्माण केला, तर जागेवर स्थिर असलेल्या कणांची लय पुन्हा पूर्ववत जुळते. परंतु मधल्या क्षणांत जे कण पुढे सरकले, त्यांची लय किंचित मागेपुढे राहते. हा फरक कणांच्या वेगाच्या प्रमाणात असतो. तो मोजला म्हणजे वेग कळतो. या तत्त्वावर १९८० च्या दशकात रक्ताचा वेग मोजण्यास आरंभ झाला.

सुरुवातीस एका पातळ छेदात व एकाच दिशेने वेग मोजला जाई. नंतर तो तिन्ही दिशांनी मोजला जाऊ लागला. लंडनमधील फिलिप किल्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये निरोगी व्यक्तींच्या महाधमनीच्या कमानीतील प्रवाहाचे वर्णन प्रसिद्ध केले. आकुंचनाच्या उत्तरार्धात कमानीतील रक्त मळसूत्राप्रमाणे उजवीकडे पीळ घेत पुढे जाते आणि आकुंचनाच्या शेवटी कमानीच्या आतील बाजूने थोडे रक्त मागेही येते, असे त्यांना आढळले. १९९६ मध्ये स्वीडनमधील लिंकशॉपिंग येथील संशोधकांनी संपूर्ण घनभागातील वेग काळानुसार टिपण्याची पद्धत मांडली. लांबी, रुंदी, खोली आणि काळ अशा चार मितींमुळे या पद्धतीस आज ‘फोर-डी फ्लो एमआरआय’ म्हणतात. १९९९ मध्ये अमेरिकेतील बोग्रेन व बुओनोकोरे यांनी याच प्रकारच्या मापनाने निरोगी तरुण आणि निरोगी वृद्ध यांच्या महाधमनीतील प्रवाहांची तुलना प्रसिद्ध केली. त्यानंतर अनेक केंद्रांतून मोठ्या संख्येने निरोगी व्यक्तींची मापने झाली. मापन कसे करावे आणि निष्कर्ष कसे मांडावेत याविषयी तज्ज्ञांचे संयुक्त निवेदन २०१५ साली निघाले आणि २०२३ साली ते सुधारून पुन्हा प्रसिद्ध झाले.

या परीक्षणात क्ष-किरणांचा वापर नाही. रुग्ण यंत्रात सुमारे दहा मिनिटे, कधी थोडा कमी तर कधी अधिक काळ, शांत पडून राहतो. हृदयाच्या विद्युत्आलेखाशी आणि पुष्कळदा श्वासाच्या गतीशी मापनाची सांगड घातलेली असते. साधारणपणे दोन ते अडीच मिलिमीटर बाजू असलेल्या लहान लहान घनांत वेग मोजला जातो आणि एका हृदयस्पंदाचे वीस-पंचवीस टप्पे मिळतात. संगणक त्यांवरून प्रवाहरेषा रेखाटतो. वेगवान रक्त तांबड्या रंगात व मंद रक्त निळ्या रंगात दाखविण्याची रीत रूढ आहे. पडद्यावर रक्ताचे हे धागे एकमेकांभोवती पीळ घेत कमान चढताना दिसतात.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. जास्तीत जास्त किती वेग मोजायचा, याची सीमा आधी ठरवावी लागते. ती कमी ठेवली गेली, तर तिच्याहून वेगवान रक्त उलट दिशेने वाहत असल्याचा आभास होतो. चित्रपटात धावत्या टांग्याचे चाक कधी कधी उलटे फिरताना दिसते, तशातलाच हा प्रकार आहे. दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. पडद्यावर दिसणारा एक स्पंद हा प्रत्यक्षातील एकच स्पंद नसतो. शेकडो स्पंदांतील अंश एकत्र करून बनविलेला तो सरासरी स्पंद असतो. याउलट वैद्याच्या बोटाखाली येणारा प्रत्येक स्पंद स्वतंत्र असतो. स्पंदास्पंदांतील विषमता बोटांना कळते, ती या चित्रात पुसली जाते. म्हणून ही दोन परीक्षणे परस्परांची जागा घेणारी नाहीत. एकाने दुसऱ्याचा अर्थ लावण्यास मदत होते, एवढेच म्हणता येईल.

तारुण्यातील प्रवाह

निरोगी तरुणाच्या महाधमनीत आकुंचनाच्या आरंभी रक्ताचा लोट बहुतांश एकसंध आणि वेगाने पुढे जातो. आरोही भागात हा वेग सेकंदाला साधारण एक मीटर किंवा त्याहून काहीसा अधिक असतो. कमानीत शिरताना प्रवाहाला सौम्य पीळ पडतो. हृदय स्वतः पिळवटल्यासारखे आकुंचन पावते आणि कमानही एकाच पातळीत नसून किंचित मुरडलेली असते, या दोहोंचा तो परिणाम मानतात. हा पीळ उपकारक असावा, असे बहुसंख्य अभ्यासकांचे मत आहे. पीळ घेऊन जाणारे रक्त भिंतीलगत साचून राहत नाही आणि वळणावर प्रवाह फारसा विस्कटत नाही.

आकुंचन संपताना झडपेच्या दिशेने थोडे रक्त मागे वळते. हे निरोगी माणसातही घडते. झडप मिटण्यास आणि हृदयाच्या धमन्या भरण्यास ते साहाय्यक असते. त्यामुळे ‘उलट प्रवाह दिसला म्हणजे विकार’ असे समीकरण मांडता येत नाही. तो कोठे, किती आणि किती वेळ आहे, याला महत्त्व आहे.

वयानुसार होणारे बदल

मिनिटाला ७० या हिशेबाने हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा स्पंदते. साठ वर्षांत ही संख्या २०० कोटींच्या पलीकडे जाते. तितक्याच वेळा महाधमनीची भिंत ताणली जाते व पूर्वपदावर येते. तिला ही लवचीकता देणारे इलॅस्टिन नावाचे तंतू मुख्यतः गर्भावस्थेत व बालपणी तयार होतात. पुढे ते झिजले तर नव्याने फारसे बनत नाहीत. बालपणीच्या शिदोरीवरच आयुष्य काढावयाचे असते. वयपरत्वे हे तंतू तुटू लागतात. ताण मग कोलॅजन या ताठर तंतूंवर येतो. कोलॅजनचे प्रमाण वाढते, त्याच्या तंतूंत शर्करेमुळे जखडणारे बंध निर्माण होतात आणि भिंतीत चुन्याचे कणही साचू लागतात. मधुमेहात ही क्रिया अधिक वेगाने होते.

भिंत अशी बदलली की आकारही बदलतो. आरोही महाधमनी दर दशकाला सुमारे एक मिलिमीटर रुंदावते. ती लांबही होते आणि कमान पसरट होऊन उलगडल्यासारखी दिसते. या रुंदीचा प्रवाहावर होणारा परिणाम साध्या हिशेबाने कळेल. उदाहरणादाखल व्यास २८ मिलिमीटरवरून ३४ मिलिमीटर झाला असे धरू. व्यासातील वाढ थोडी वाटते, पण छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ४७ टक्क्यांनी वाढते. तेवढेच रक्त तेवढ्याच वेळात जायचे असेल, तर सरासरी वेग दोन-तृतीयांशांवर येतो.

अरुंद ओढा रुंद डोहात शिरतो तेव्हा मध्यभागी धार राहते, कडेला पाणी मंदावते आणि तेथे भोवरे फिरू लागतात. वृद्धांच्या महाधमनीच्या प्रतिमांत नेमके असेच दृश्य दिसते. पुढे जाण्याचा वेग उतरतो. मुख्य धार मध्यभाग सोडून एका बाजूस कलते. भोवरे व पीळ अधिक ठळक होतात आणि अधिक काळ टिकतात. मागे येणारे रक्त वाढते. भिंतीवर प्रवाहाचे जे घर्षण होते, तेही सरासरीने कमी होते. हे घर्षण हानिकारक नव्हे. रक्तवाहिनीच्या आतील अस्तर निरोगी राखण्यासाठी एका दिशेने होणारे योग्य घर्षण आवश्यक असते. जेथे घर्षण मंद किंवा पुढेमागे हेलकावणारे असते, तेथे मेदाचे थर साचण्याची प्रवृत्ती अधिक आढळते.

येथे मागे येणाऱ्या प्रवाहाचे एक निदानात्मक महत्त्व सांगणे आवश्यक आहे. मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या कमानीतून निघतात. म्हणून त्यांच्या पुढे, अवरोही भागात, साचलेल्या थरांतून सुटलेला कण मेंदूकडे जाणे शक्य नाही, अशी पूर्वी समजूत होती. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील अभ्यासकांनी २००९ व २०१० च्या सुमारास प्रवाह-प्रतिमांकनाद्वारे दाखवून दिले, की काही रुग्णांत हृदयाच्या विसाव्याच्या काळात अवरोही भागाच्या सुरुवातीचे रक्त मागे कमानीपर्यंत येते आणि तेथून मेंदूच्या धमन्यांत शिरू शकते. पक्षाघाताचे कारण सापडत नाही अशा काही रुग्णांत या मार्गाचा विचार करावा लागतो.

हे सर्व बदल निरोगी वृद्धांतही दिसतात. त्यामुळे सत्तर वर्षांच्या रुग्णाच्या चित्राची तुलना पंचविशीतल्या तरुणाच्या चित्राशी केली, तर वार्धक्यालाच विकार ठरविण्याची चूक होईल. वयानुरूप मानदंड हवेत, हा या संशोधनाचा महत्त्वाचा निष्कर्ष आहे. वय हे प्रत्येक परीक्षणाचे अंग आहे, ही गोष्ट दशविध परीक्षेत वयाला स्थान देणाऱ्या शास्त्राच्या अभ्यासकास वेगळी सांगावयास नको.

मनगटाला काय कळते

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. महाधमनीत वेग मंदावला, रक्त घोटाळू लागले, तरी मनगटावरची नाडी जोरकस का लागते?

बोटांना लागतो तो रक्ताचा प्रवाह नव्हे, तर दाबाची लाट. या दोन गोष्टी भिन्न आहेत. रक्त सेकंदाला मीटरभर सरकते. लाट मात्र तरुण महाधमनीतून सेकंदाला सुमारे पाच मीटर आणि ताठरलेल्या महाधमनीतून दहा मीटर किंवा त्याहूनही अधिक वेगाने धावते. मानेतील व जांघेतील नाडी एकाच वेळी नोंदवून हा वेग काढता येतो. तो सेकंदाला १० मीटरहून अधिक असल्यास धमनीकाठिण्य गणावे, असा मानदंड तज्ज्ञांनी २०१२ मध्ये सुचविला.

ताठर महाधमनी धक्का साठवीत नाही. आकुंचनाचा संपूर्ण जोर ती तसाच पुढे ढकलते. शरीराच्या टोकांकडून परतणारी लाटही लवकर येऊन हृदयाचे काम वाढविते. परिणामी वरचा दाब चढतो. विसाव्याच्या काळात परत करण्याजोगे साठवण नसल्याने खालचा दाब उतरतो. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील दीर्घकालीन अभ्यासातून १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वरचा दाब वयाबरोबर वाढतच जातो, तर खालचा दाब पन्नाशी-साठीनंतर घसरू लागतो. या दोहोंतील अंतर म्हणजेच बोटाखाली येणारा उठाव. अंतर जितके मोठे, तितकी नाडी भरलेली लागते.

म्हणजे गुरुजींच्या नाडीचा जोर हा हृदयाच्या बळाचा नव्हता. महाधमनीने सामावून घ्यावयाचा धक्का तिने सामावून न घेतल्याचा तो जोर होता. तोच धक्का मेंदूच्या व वृक्कांच्या नाजूक वाहिन्यांपर्यंतही पोहोचत होता.

दुसरीही गोष्ट लक्षात घ्यावी. तरुण वयात मनगटावरील दाबाचा उठाव महाधमनीतील उठावापेक्षा बराच मोठा असतो, कारण लाट टोकाकडे जाताना उंचावते. वार्धक्यात हा फरक कमी होतो. म्हणून तरुणाची आणि वृद्धाची नाडी बोटांना सारखीच लागली, तरी महाधमनीतील परिस्थिती दोघांत भिन्न असू शकते.

आयुर्वेदीय दृष्टीने विचार

अशा विषयात ग्रंथोक्त संज्ञा आधुनिक शोधांवर सरसकट चिकटविण्याचा मोह होतो. तो टाळावा. सुश्रुतांनी शारीरस्थानात वर्णिलेल्या नाभिप्रभव चोवीस धमन्या आणि आजची ‘आर्टरी’ या एक नव्हेत. चरक-सुश्रुत संहितांत नाडीपरीक्षेचे स्वतंत्र विवेचन नाही. ते प्रथम शार्ङ्गधर संहितेत येते. सर्प, मंडूक, हंस यांच्या गतींच्या उपमा गतीचे स्वरूप सांगतात, दाबाचे मोजमाप सांगत नाहीत.

एवढे मान्य करूनही काही सूत्रे विचारास चालना देतात. धमनी हा शब्दच ध्मान क्रियेवरून, म्हणजे भात्याप्रमाणे फुगण्या-स्पंदण्यावरून, आला असल्याचे चरकांनी म्हटले आहे. रसाचे सर्व शरीरभर विक्षेपण व्यान वायू करतो, असेही त्यांनी सांगितले आहे. वयाच्या अखेरच्या भागात वाताचे प्राबल्य आणि वाताच्या गुणांत रूक्षता व खरता हे सर्वमान्य आहे. लवचीक तंतू झिजून भिंत ताठर होणे या घटनेकडे जराजन्य वाताच्या अंगाने पाहता येईल.

चरकांनी सूत्रस्थानात कफाच्या वीस नानात्मज विकारांत धमनीप्रतिचय सांगितला आहे. टीकाकारांनी त्याचा अर्थ उपलेप असा केला आहे. आपल्या नियतकालिकांतून आणि परिषदांतून धमनीच्या प्रत्येक विकाराला हीच संज्ञा देण्याची प्रथा पडली आहे. प्रतिमांकन मात्र दोन वेगळ्या घटना दाखविते. आतील अस्तराखाली मेदाचे थर साचणे ही एक घटना. मधल्या थराचे तंतू झिजून संपूर्ण भिंत ताठरणे व रुंदावणे ही दुसरी घटना. पहिलीची तुलना उपलेपाशी करणे युक्त ठरेल. दुसरीत लेप नसूनही नाडी बिघडते. दोन्ही एकाच रुग्णात असू शकतात, पण त्या एक नव्हेत. लेपावर लेखन-रूक्ष उपचार योजताना भिंतीच्या रूक्षतेचा विसर पडला, तर आपल्याच सिद्धान्ताशी विसंगत वर्तन होईल. प्रस्तुत लेखकाचे हे अनुमान आहे. त्याची कसोटी मोजमापानेच लागेल.

मोजमापाचे महत्त्व सांगणारे उदाहरण आपल्याच जवळचे आहे. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेच्या रक्तदाबावरील उपयोगाविषयी लेख प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष या वनस्पतीकडे वळले. वनस्पती परंपरेने ज्ञात होतीच. तिचा परिणाम रुग्णांत दाबमापकाने नोंदविला गेला, म्हणून तो सर्वांना मान्य करावा लागला.

चिकित्सालयात काय करावे

फोर-डी फ्लो एमआरआय हे नित्याचे परीक्षण नव्हे. त्यासाठी विशेष प्रणाली व विश्लेषणाचे कौशल्य लागते. महाधमनीची झडप जन्मतः दोनच पाकळ्यांची असणे, महाधमनी प्रमाणाबाहेर रुंदावणे, शस्त्रक्रियेनंतरचे निरीक्षण अशा प्रसंगीच त्याचा मुख्य उपयोग होतो. त्यातून मिळालेली समज मात्र प्रत्येक वैद्याला विनाखर्च वापरता येते.

१) साठीपुढील प्रत्येक रुग्णाची नाडी पाहिल्यावर रक्तदाब मोजावाच. नाडी उत्तम लागली तर विशेष करून मोजावा. दोन्ही आकडे आणि त्यांतील अंतरही नोंदवावे. अंतर ६० किंवा त्याहून अधिक असेल, तर महाधमनी ताठर असल्याची शंका घ्यावी. महाधमनीची झडप गळणे, पांडुरोग व अवटुग्रंथीची अतिक्रियाशीलता यांतही अंतर वाढते, हे विसरू नये.

२) पुरुषाचा उजवा व स्त्रीचा डावा हात पाहण्याची परंपरा आहे. ती पाळून झाल्यावर दुसराही हात पाहावा आणि प्रथम भेटीत दोन्ही दंडांवर दाब मोजावा. छातीत किंवा पाठीत अकस्मात फाडल्यासारखी तीव्र वेदना होत असेल आणि दोन हातांच्या नाड्यांत फरक असेल, तर महाधमनीची भिंत विदीर्ण होत असण्याचा संभव असतो. तेथे औषधयोजनेत वेळ न दवडता रुग्णास तत्काळ हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे.

३) ‘वय झाले की वरचा दाब वाढायचाच’ असे सांगून रुग्णास निश्चिंत करू नये. अमेरिकेत साठ वर्षांवरील, केवळ वरचा दाब वाढलेल्या ४७३६ व्यक्तींवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. उपचारांनी पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले होते. चालू असलेली आधुनिक औषधे आपल्या सल्ल्याने अकस्मात बंद होणार नाहीत, याची दक्षता घ्यावी. खालचा दाब आधीच कमी असलेल्या वृद्धांत दाब सावकाश उतरवावा लागतो. म्हणून उभे राहिल्यावरचा दाबही मोजावा आणि हृदयरोगतज्ज्ञांशी संपर्क ठेवावा.

४) हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, झालेली असल्यास तिच्या अहवालातील महाधमनीचा व्यास आवर्जून वाचावा. तो वाढलेला असल्यास पुढील तपासणीचा कालावधी तज्ज्ञांकडून निश्चित करून घ्यावा.

५) ताठरता पूर्णपणे टाळता येत नसली, तरी तिची गती मंद करता येते. अमेरिकेतील तनाका व सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखविले, की नियमित व्यायाम करणाऱ्यांत मोठ्या धमन्यांची लवचीकता वयाबरोबर कमी प्रमाणात घटते आणि बैठ्या जीवनाच्या प्रौढ पुरुषांतही तीन महिन्यांच्या, मुख्यतः चालण्याच्या, व्यायामाने ती सुधारते. मिठाचा संयम, तंबाखूवर्जन आणि प्रमेहाचे नियंत्रण यांची जोड हवी. दिनचर्येतील व्यायामाचा उपदेश आपण करीत आलोच आहोत. तो पन्नाशीत नव्हे, तर तिशीत करावयास हवा.

उपसंहार

महाधमनीतील रक्ताचे पीळ, भोवरे व परतीचे ओघ आज डोळ्यांना दिसतात. लिओनार्दोने काचेच्या नळीत जे शोधले, ते आता जिवंत माणसात मोजता येते. त्यामुळे नाडीपरीक्षेचे महत्त्व कमी होत नाही. बोटांना जे लागते त्याचा अर्थ अधिक अचूक होतो, आणि भरलेली नाडी व बलवान नाडी यांतला फरक ओळखण्याची जबाबदारी मात्र वाढते.

गुरुजी आजही येतात. डाव्या हाताची पकड अजून पूर्ण परतलेली नाही, तरी काठी घेऊन स्वतः पायऱ्या चढतात. सवयीने उजवा हात पुढे करतात. मी दोन्ही नाड्या पाहतो, दाब मोजतो, आकडे त्यांच्या वहीत लिहून देतो. त्यांच्या नाडीला तरुणाची नाडी मात्र पुन्हा म्हटलेले नाही.